चालवणाऱ्याची हजेरी

नव्या पिकअपच्या कोटेशनचा कागद पडवीत हातोहात फिरत होता. मामांनी पाहिला, शेजारच्या आबांनी चष्मा लावून पाहिला, पुन्हा माझ्या चुलतभावाकडे आला. पुढच्या बाजूला छापील किंमत, विमा, पासिंग, अ‍ॅक्सेसरीज असं सगळं ओळीनं होतं, पण सगळ्यांची बोटं थांबत होती ती मागच्या कोऱ्या बाजूवर. तिथे सेल्समनने लाल पेनाने 15 लिहून त्याला दोनदा गोल केला होता. लिटरला पंधरा किलोमीटर. 'लोड टाकून पंधरा म्हणाला तो,' भाऊ सांगत होता. आबा म्हणाले, लोडवर बारा मिळाले तरी नशीब समज. मामांचं मत, आपल्या घाटात अकराच धर. बराच वेळ हेच चाललं होतं. तेवढ्यात रिकामे कप उचलायला आलेली भावजय उभ्याउभ्याच म्हणाली, 'यात गाडी चालवणाऱ्याची हजेरी कुठं लिहिलीय?' मामा म्हणाले, 'अगं, घरची गाडी, घरचाच ड्रायव्हर. त्याला कसली हजेरी अन् कसला पगार?' ती कप घेऊन आत गेली आणि बोलणं परत पंधरा आणि बारावर आलं.

माझं मात्र त्यानंतर कशात लक्ष लागलं नाही.

मी पतसंस्थेत कर्जाच्या फायली बघते. जुन्नर तालुक्यात पिकअपसाठी कर्ज मागायला येणारा माणूस बहुतेक वेळा टोमॅटोवाला असतो, नाहीतर फुलं, दूध किंवा मंडपवाला. फाईलमध्ये सातबारा असतो, उत्पन्नाचा दाखला असतो, जामीनदारांच्या सह्या असतात, शोरूमचं कोटेशन असतं. उत्पन्नाच्या अंदाजात 'दरमहा भाडे' म्हणून एक आकडा आणि 'इंधन खर्च' म्हणून दुसरा. पहिल्यातून दुसरा वजा केला की उरतो तो नफा. इतक्या वर्षांत 'चालक' या नावाची ओळ मी क्वचितच पाहिली, आणि जिथे पाहिली तिथे गाडी घेणारा स्वतः चालवणारा नव्हता. शेताचं तसंच आहे. खतं, औषधं, मजूर सगळं वहीत येतं, घरातल्या दोघातिघांचे हात येत नाहीत. शेतात ते निदान एका जागी राबत असतात. गाडी त्यांना रात्री-अपरात्री घराबाहेर काढते.

आमच्या अण्णांकडे मॅटॅडोर होती. जुनी, दुसऱ्या हाताची, आकुर्डीच्या बजाज टेम्पोची. तिच्या केबिनमध्ये चढलं की डिझेल, ओल्या ताडपत्रीचा आणि कोथिंबिरीच्या देठांचा मिळून एक वास यायचा. आजही बाजार समितीच्या फाटकापाशी तो नाकात शिरला की माझं वय कमी होतं. अण्णा डॅशबोर्डच्या खणात एक वही ठेवायचे. टाकी काठोकाठ भरायची, किलोमीटरचा आकडा लिहायचा, पुढच्या वेळी पुन्हा काठोकाठ भरायची आणि भागाकार करायचा. अ‍ॅव्हरेज काढायची खरी रीत आजही हीच आहे. शोरूमच्या माणसाने सांगितलेला आकडा आणि मीटरवरचा आकडा तिच्यापुढे दुय्यम. डिझेल तेव्हा लिटरला वीस रुपयांच्या आत होतं, तरी अण्णा त्या भागाकारापाशी बराच वेळ बसत. आकडा अर्ध्या किलोमीटरने जरी घसरला तरी दुसऱ्या दिवशी एअर फिल्टर झटकला जायचा आणि टायरांची हवा तपासली जायची.

आणि माळशेज उतरताना ते गाडी न्यूट्रलला टाकायचे. सगळेच टाकायचे. उतारावर डिझेल कशाला जाळायचं, हा त्या काळच्या ड्रायव्हरांचा पाठच होता. गाडी मोकळी सुटायची, इंजिनचा आवाज एकदम खाली यायचा, वारा मोठा ऐकू यायला लागायचा आणि मग ब्रेक लायनर तापल्याचा तो जळका, धातूसारखा वास. मी मधल्या सीटवर गिअरच्या दांड्याला हात लागू नये म्हणून पाय आखडून बसलेली असायची. मला तेव्हा ते उडण्यासारखं वाटायचं. आता त्या उतारावर काय पणाला लावलं होतं ते कळतं, आणि ते कशासाठी, तर पावशेर-अर्धा लिटर डिझेलसाठी. आताच्या इंजिनात तर ते वाचतही नाही. गिअरमध्ये ठेवून अ‍ॅक्सिलरेटर सोडला की इंजेक्टर डिझेल सोडायचं थांबवतो. न्यूट्रलला मात्र इंजिन चालू ठेवायला थोडंथोडं जाळावंच लागतं. हे मी भावाला सांगितलं तेव्हा तो म्हणाला, 'ताई, माहितीय मला.' तरी मी पुन्हा सांगितलं.

अ‍ॅव्हरेजची ही ओढ उगाच आलेली नाही. ऑक्टोबर 2014 मध्ये डिझेलचे भाव बाजारावर सोडले, त्याच्या दोन-तीन वर्षं आधी पेट्रोल आणि डिझेलमध्ये वीस रुपयांहून जास्त अंतर असायचं आणि डिझेलची गाडी घेणं म्हणजे निम्मी लढाई जिंकणं होतं. मग 16 जून 2017 पासून भाव रोज ठरायला लागले. 1 एप्रिल 2020 ला धुराबाबतचं बीएस-6 मानक आलं आणि पिकअपचं इंजिन रस्त्याकडेच्या मिस्त्रीच्या हातातून थोडं निसटलं. पूर्वी तो आवाजावरून नोझल गेलाय की पंप ते सांगायचा, आता आधी स्कॅनर लावावा लागतो. सीएनजीला राज्य सरकारने 1 एप्रिल 2022 ला करात सूट दिली, 13.5 टक्क्यांचा 3 टक्के केला, आणि लोक तिकडे वळले. पुढे गॅसचा भाव चढत गेला तसा तो आनंद कमी झाला. एवढे हेलकावे खाल्लेला माणूस गाडी घेताना पहिला प्रश्न इंधनाचाच विचारणार. त्यात चूक काहीच नाही. फक्त तो प्रश्न पुढच्या सगळ्या प्रश्नांना झाकून टाकतो.

त्या रात्री मी कागद घेऊन बसले. हिशेब सोपा जावा म्हणून नारायणगावहून वाशीच्या मार्केटला जाऊन-येऊन 300 किलोमीटर धरले, प्रत्यक्षात थोडे जास्तच होतात. डिझेल 90 रुपये. बाराच्या अ‍ॅव्हरेजला 25 लिटर, म्हणजे 2250 रुपये. पंधराच्या अ‍ॅव्हरेजला 20 लिटर, 1800 रुपये. ज्या लाल गोलावरून पडवीत एवढा वाद झाला, त्याची किंमत एका फेरीला 450 रुपये. लहान रक्कम नाही ती. पण मग मी दुसऱ्या अंगाने पाहिलं. दीड टन माल घेणाऱ्या गाडीत 20 किलोचे 75 क्रेट बसतात. बारा देणारी ही गाडी क्रेटमागे 30 रुपयांचं डिझेल खाते. तिच्याऐवजी छोटा हत्तीच्या, म्हणजे टाटा एसच्या मापाची, पाऊण टनाची गाडी घेतली आणि ती वीसचं अ‍ॅव्हरेज देते असं धरलं, तर फेरीला 1350 रुपये लागतात, पण क्रेट सदतीसच. क्रेटमागे 36 रुपये. जी जास्त पिते तीच स्वस्त पडते, पण ती भरलेली असेल तरच. मोठी गाडी अर्धी भरून गेली की तोच क्रेट 60 रुपयांना पडतो. म्हणजे गाडीचं अ‍ॅव्हरेज इंजिनात जितकं आहे तितकंच ते हौद्यात आहे, आणि भावाच्या तीन एकरांतून दर खेपेला 75 क्रेट निघणार नाहीत. शेजाऱ्यांचा माल धरावाच लागणार. तो धरायचा म्हणजे चार घरी फोन करायचे, प्रत्येकाचा तोडा, म्हणजे मालाची तोडणी, संपेपर्यंत थांबायचं, कुणाचे पंधरा क्रेट, कुणाचे वीस, कुणाचे पैसे बाजारातून विक्रीची पट्टी आल्यावर.

सन 2005 मध्ये छोटा हत्ती आला तेव्हा मी कॉलेजला होते. दोन सिलिंडरचं ते एवढंसं इंजिन, पण रिक्षा टेम्पोवर हमालासारखं वाकून बसणारी माणसं पहिल्यांदा दार असलेल्या केबिनमध्ये बसली. गावात स्थळ पाहायला पाहुणे आले की दारात गाडी असणं मोजलं जातं, हेही तेव्हापासून जास्त दिसायला लागलं. मला त्याचं हसू येत नाही. ज्याच्या आजोबांनी डोक्यावर पाट्या वाहिल्या, त्याला स्वतःच्या गाडीचा फाळका उघडताना काय वाटतं, ते बाहेरून कळायचं नाही.

हप्त्याकडे वळले. गाडी रस्त्यावर यायला 10 लाखांच्या घरात. 22 सप्टेंबर 2025 पासून मालवाहू गाड्यांवरचा जीएसटी 28 चा 18 टक्के झाला म्हणून एवढ्यात तरी बसते. 2 लाख हातचे, 8 लाखांचं कर्ज, 5 वर्षं, घटत्या शिलकीवर 10 टक्के. हप्ता 17 हजारांच्या आसपास. हेच 10 टक्के कुणी 'फ्लॅट', म्हणजे पाचही वर्षं मूळ 8 लाखांवरच लावले तर हप्ता 20 हजार होतो आणि 5 वर्षांत 1 लाख 80 हजार जास्त जातात. कर्ज देणाऱ्याला व्याज किती हे विचारण्याआधी ते कशावर लागतं हे विचारायला हवं. माझ्या टेबलापुढे बसणाऱ्या प्रत्येकाला मी हे न विचारता सांगते, कारण डिझेलच्या लिटरमागे दोन रुपये वाढले तर पंपावर हुज्जत घालणारी माणसं या एका शब्दापाशी गप्प सही करून जातात.

आता हा हप्ता किलोमीटरवर पसरा. महिन्याला 2000 किलोमीटर गाडी धावली तर हप्ता किलोमीटरला साडेआठ रुपये. डिझेल, बाराच्या अ‍ॅव्हरेजनेसुद्धा, साडेसात. उभी गाडी धावणाऱ्या गाडीपेक्षा जास्त खाते, हे इथे आकड्यांत दिसतं. तीच गाडी महिन्याला 4000 किलोमीटर धावली की हप्ता सव्वाचार रुपयांवर येतो. थर्ड पार्टी विम्याचे 16,049 रुपये तर गाडी शेडमध्ये झाकून ठेवली तरी द्यायचेच, वर स्वतःच्या नुकसानीचा विमा वेगळा. पहिल्या दोन वर्षांनंतर फिटनेसची तपासणी, आठ वर्षं झाली की दरवर्षी फिटनेस. एकूण वजन 3000 किलोच्या आत असेल तर परमिट लागत नाही, आणि बाजारातल्या कितीतरी पिकअप त्या रेषेच्या अलीकडे का थांबतात ते या एका नियमावरून कळतं. पण कागदावर रेषेच्या अलीकडे थांबलेली गाडी तोड्याच्या दिवसांत थांबत नाही. स्प्रिंगचे पाटे उलटे वाकेपर्यंत माल भरलेल्या पिकअप मी रोज पाहते. जास्त वजनाचा दंड 20 हजारांपासून सुरू होतो, वर प्रत्येक जादा टनाला 2 हजार. दंडाचं सोडा, क्लच प्लेट, टायर आणि ब्रेक यांतून ती किंमत दंड न भरताही वसूल होते.

जुनी गाडी घ्यावी, हे माझं मत होतं. चार-पाच वर्षं वापरलेली, निम्म्या किमतीची. पण तिथेही हिशेब वाटतो तसा सरळ नाही. जुन्या गाडीला व्याज जास्त आणि मुदत कमी. 4 लाख, 14 टक्के, 3 वर्षं धरली तर हप्ता पावणेचौदा हजारांच्या जवळ जातो. कर्ज निम्मं, हप्ता मात्र तीन-सव्वातीन हजारांनीच कमी. चौथ्या वर्षापासून ती मोकळी होते हे खरं, पण तोपर्यंत ती सात-आठ वर्षांची झालेली असते. तिच्यावरचा जुन्या कर्जाचा बोजा उतरला आहे का, विम्यात खंड आहे का, किलोमीटर खरे आहेत का, हे सगळं शोधायला माहितगार माणूस लागतो. सीएनजीचाही विचार झाला. गावठाणापासून पंप दूर, रांग लांब, सिलिंडरचं वजन मालाच्या वजनातून जातं, दर तीन वर्षांनी सिलिंडरची तपासणी. पुण्यातल्या पुण्यात पार्सल वाहणाऱ्याला तो सौदा बरा. माळशेज चढणाऱ्याला मी तो सुचवला नाही.

आणि मग ती चालकाची ओळ.

भाऊ म्हणत होता वाशीच्या फेरीला 6 हजार भाडं धर. धरले. डिझेलचे 2250 आणि टोल, पावती, चहापाण्याचे 400 वजा केले; 3350 राहिले. त्याच्या हिशेबात नफा तो एवढा. महिन्याला दहा फेऱ्या होतील असं तो म्हणतो, म्हणजे फेरीमागे हप्त्याचे 1700. टायर, ऑइल, ग्रीसिंग, पाटे यांचे 500. विमा आणि कागदपत्रांचे 300. उरले 850. आता ड्रायव्हर ठेवला असता तर त्याला फेरीचे हजार द्यावे लागले असते, जेवण वेगळं. म्हणजे स्वतःच्या 10 लाखांच्या गाडीवर, स्वतःची झोप घालून, माझा भाऊ परक्याच्या गाडीवरच्या ड्रायव्हरपेक्षा दीडशे रुपये कमी कमावणार होता. पंधराचं अ‍ॅव्हरेज खरंच मिळालं तर 450 वाढून 1300 होतात, जेमतेम हजेरी सुटते. फेऱ्या दहाच्या पंधरा झाल्या तर बाराच्या अ‍ॅव्हरेजवरही दीड हजार उरतात. आणि येताना रिकामे क्रेट आणण्याऐवजी त्यांच्याबरोबर दीड हजाराचं परतीचं भाडं मिळालं, पशुखाद्य असो, किराणा असो, प्लायवूड असो, तर सगळंच चित्र पालटतं. सेल्समनने गोल करायचाच होता तर तो परतीच्या भाड्याला करायला हवा होता.

हजेरी म्हणजे पैसेच नव्हेत, हे भावजयीला ठाऊक होतं म्हणूनच तिने तो शब्द काढला. वाशीची फेरी म्हणजे दुपारी तोडा, संध्याकाळी भरणं, दिवे लागल्यावर निघणं. मध्यरात्रीनंतर मार्केटला रांग. हमालांचा गलका, ओल्या फरशीवर तुडवलेली पानं, पिवळ्या दिव्यांत वाफाळणारे चहाचे ग्लास. गाळ्यावर माल उतरला की सीटवर पाय वर घेऊन तासभर डोळा लावायचा आणि उजाडताना परत घाट. घरी येईपर्यंत दुपार, आणि शेतात औषध मारायचं राहिलेलं. आम्ही लहान असताना आई रात्री अण्णांची मॅटॅडोर आवाजावरून ओळखायची. वळणावर गिअर बदलल्याचा तो खरखरीत आवाज आला की ती उठून चूल पेटवायची. तिने कधी काही विचारलं नाही. त्या वहीत अण्णांनी लिटर लिहिले, पंक्चर लिहिले, एका पोळ्याला गाडीला घातलेल्या हाराचे पैसेही लिहिले. जागलेल्या रात्री कुणी लिहिल्या नाहीत, ना त्यांच्या ना तिच्या. भावजयीने परवा जे विचारलं ते विचारायला आमच्या घराला दोन पिढ्या लागल्या.

दुसऱ्या दिवशी मी तो कागद दोघांपुढे ठेवला, तिलाही बसवून. भाऊ बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, 'ताई, गेल्या हंगामात वाहतूकवाला दोनदा उशिरा आला. माल मार्केटला पोचेपर्यंत भाव उतरला होता. ते तुझ्या कागदात कुठंय?' नव्हतं ते. जुलै 2023 मध्ये नारायणगावला क्रेटने दोन हजारांचा आकडा ओलांडला आणि त्यानंतर काही आठवड्यांतच लोकांनी टोमॅटो बांधावर ओतला, हे आम्ही सगळ्यांनी पाहिलंय. अशा पिकात माल चार तास आधी पोचण्याची किंमत कुणाला आधी लिहिता येत नाही. एका रात्री भावजयीच्या सासूबाईंना छातीत कळ आली तेव्हा कुणाची गाडी मिळते का म्हणून भाऊ गल्लीत दारं वाजवत फिरला होता, तेही भावजयीनेच मध्ये सांगितलं. हजेरी विचारणारीही तीच आणि गाडी हवी म्हणणारीही तीच. मला त्यात विसंगती दिसत नाही. तिला गाडी नको नव्हती, तिला नवरा फुकटात जायला नको होता.

म्हणून आता नवीच घ्यायची ठरली आहे, दीड टनाची, बाराच्या अ‍ॅव्हरेजची. कागदावर चालकाची ओळ आली आहे. फेरीचे हजार भावजयीच्या खात्यात जातील आणि टायरांसाठी महिन्याला वेगळी रक्कम राहील. घाटाची सलग दुसरी रात्र आली तर बदली ड्रायव्हर, मग तो आठवडा तोट्यात गेला तरी चालेल. राहता राहिले पावसाळ्यानंतरचे रिकामे महिने, ज्यांत टोमॅटो नसतो आणि हप्ता असतो. त्यासाठी दुधाच्या कॅनची एक जवळची फेरी मिळायची बोलणी चालू आहेत. रोजची, दिवसाउजेडी, भाडं कमी पण बारमाही. दूधवाल्यांनी वर्षभराचा एकच दर सांगितला आहे. डिझेलचा भाव रोज ठरतो आणि भाडं वर्षात एकदा, हा करार मला मान्य नाही. डिझेल ठरावीक रुपयांच्या वर गेलं की किलोमीटरचा दर त्या प्रमाणात वाढेल, एवढी एक ओळ त्यात लेखी हवी. ती मिळेपर्यंत जामीनदार म्हणून माझी सही होणार नाही, हे मी भावाला सांगितलं आहे, आणि सोमवारी तो तेवढ्यासाठी पुन्हा जाणार आहे.